गोधडीचे टाके

कानपूर, ता. ९ ऑगस्ट २०००

चि. सौ. चांगुणास आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? आईचा खोकला थांबला का? सूनबाई न् बाळ बरे आहेत ना? मी खुशाल आहे, दोन टाइम जेवतो.

इथं आम्ही फौजेसाठी गोळी अडवणारी जाकिटं शिवतो. खास कापडाचे वीस थर, वर पाणी न शिरणारी पिशवी. थर सरकू नयेत म्हणून मी पिशवीवरूनच तुझ्या गोधडीसारखे जवळजवळ टाके घातले. सगळ्यांनी वाहवा केली. मंग तपासणीत जाकीट भिजवून गोळी मारली, तर आरपार. सुईच्या भोकांतून पाणी शिरल्तं, अन् हे कापड भिजलं की गोळी अडवत न्हाई.

माझी चूक मी कबूल केली. पण ठेकेदार म्हणतो, "बुढ्ढे, तिकडं कोण भिजतंय? गठ्ठे बांध."

मी म्हणालो, "आधी तू घालून नळाखाली उभा राहा. बंदूक मी धरतो."

असला हलकट माणूस मी जन्मात पाहिला न्हाई. मी गठ्ठ्यांवर बसलो तो उठलोच न्हाई. आता माझी मशीन काढून घेतली, कुणी चहालाही बोलवत न्हाई. तू काळजी करू नको.

पण एक गठ्ठा तपासणीआधी जूनमधीच फौजेकडं गेल्ता. फौजेतल्या आपल्या बद्रीचा नवा पत्ता तुझ्याकडं आहे. त्याच्या जाकिटाला असे टाके आहेत का, नक्की विचार. असले तर बापाचा हात ओळखून पोरगं हौसेनं घालील. घालू नको म्हणावं.

त्याचं उत्तर येईल त्याच दिवशी मला लिही.

अप्पाराव