ही येण्याआधी लॉन

४ फेब्रुवारी, सकाळी
ही मुलीकडे जाऊन आज पाच आठवडे झाले. खुब्याच्या ऑपरेशननंतर मुलगी म्हणाली, बाबा, तुम्हाला स्वतःचा चहा जमत नाही, तुम्ही आईचं काय करणार. चहा मला जमतो. साखर कुठे ठेवलीय ते हिने सांगितलेलं नाही, एवढंच.
काल फोनवर ही म्हणाली, पंधरा एप्रिलला डॉक्टरांना दाखवून तशीच घर बघायला येते, मग ठरवते तिकडे राहायचं की इकडे मुलीकडेच. बेचाळीस वर्षांच्या संसारात हिने कधी काही ठरवलेलं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.
विचार केला. ही पडली कुठे? अंगणात. म्हणजे दोष घराचा नाही, अंगणाचा. पुढच्या दाराच्या पायरीपासून फाटकापर्यंत हिच्या कुंड्या, जास्वंद, पुदिना, मधोमध लिंबू. त्यांना पाणी घालायला उतरली म्हणून पडली. पायरीचा दगड हलतो हे खरं. पण तो दोन वर्षं हलतोय. तेव्हा कुठे पडली?
निश्चय: अंगणभर लॉन. मऊ गवत. पडली तरी लागणार नाही. कोणाला सांगायचं नाही. फाटकातून आत येईल आणि बघतच राहील.

७ फेब्रुवारी
नर्सरीत गेलो. गवताच्या बियांचे चार प्रकार निघाले. सावलीतलं, उन्हातलं, पायाखाली तुडवलं तरी टिकणारं आणि चौथ्या पॅकेटवर फुटबॉल स्टेडियमचा फोटो. नर्सरीवाल्याने विचारलं, तुमच्याकडे ऊन किती तास असतं? म्हटलं, येतं तेवढं येतं. तो म्हणाला, आजोबा, साधं उन्हातलं न्या, स्टेडियमचं फार नखरेल असतं, तुम्हाला झेपणार नाही.
स्टेडियमचं घेतलं. आजोबा म्हणाला म्हणून नव्हे. माणसाने घ्यायचं तर वरचं घ्यावं.
निघताना म्हणाला, पॅकेटवर लिहिलंय तसंच करा. मला सांगतो. कारखान्यात चाळीस वर्षं पॅकिंगमध्ये लेबलं चिकटवली. लेबल वाचायचं नसतं, ते सरळ बसलंय की नाही ते बघायचं असतं. हे सरळ बसलेलं होतं.

१२ फेब्रुवारी
दोन मजूर लावून अंगण साफ केलं. कुंड्या फाटकाबाहेर ठेवल्या, तासाभरात लोकांनी नेल्या. जास्वंद सहज निघालं. लिंबाने वेळ खाल्ला. मजूर म्हणाला, काका, कळ्या आल्यात, भरल्या झाडाला हात लावू नका. म्हटलं, कळ्या काय, येतच असतात.
लिंबाचं रोप मुलाने चौथीत असताना शाळेतून आणलं होतं. मुलगा आता परदेशात. दोन महिन्यांनी फोन करतो, तोही गाडी चालवता चालवता. ही म्हणायची, लिंबू तरी समोर आहे. बायकांचं काहीतरीच असतं.
मुळं खोल होती. शेवटचे घाव चालू असताना मी आत जाऊन बसलो. पाठ दुखत होती.

१५ फेब्रुवारी, रविवार
हिचा फोन. लिंबाला पाणी घालता ना? म्हटलं, रोज घालतो. हे खोटं नाही. लिंबू होतं तिथली माती कडक आहे, ती मऊ व्हावी म्हणून रोज दोन बादल्या ओततो.
खाली उतरताना पायरीवर मीच जरा डगमगलो. पायरीचं बघायला पाहिजे. आधी लॉन.

१८ फेब्रुवारी
तणाचं औषध आणलं. मुद्दाम दुसऱ्या दुकानातून. दुकानदार म्हणाला, एक नंबर माल, तणाचं बी जमिनीतच मारतो, कोंब फुटूच देत नाही. म्हटलं, हेच पाहिजे. पुढे तो, पण काका तुम्ही पेरणी, असं काहीतरी सुरू करत होता. दुकानदारांना एकदा तोंड उघडलं की मिटता येत नाही. निघून आलो.
सगळं अंगण फवारलं. निम्मी बाटली उरली म्हणून पुन्हा फवारलं.

२० फेब्रुवारी
पेरणी झाली. बी मुठीने फेकलं, वरून पाण्याने भरलेला ड्रम लोळवला. आठ ते दहा दिवसांत हिरवं दिसेल. औषध तणाला मारेल, गवताला सोडेल. एवढ्या मोठ्या कंपनीला तेवढी अक्कल असणारच.

२४ फेब्रुवारी
चिमण्या आणि कबुतरं. सकाळी साडेसहापासून अंगणात नुसती पंगत. हाकलून हाकलून घसा बसला. शेवटी काठीवर बुजगावणं केलं. उशी बांधली, तिला हिचा राखाडी स्वेटर घातला, वर हिचाच रुमाल. ही इथे असताना पाखरं अंगणात उतरत नसत, असा अनुभव आहे.
गुण आला. एक कबूतर सोडलं तर कोणी नाही. ते खांद्यावर बसतं.

२७ फेब्रुवारी
शेजारचा बँकवाला. रिटायर झाल्यापासून त्याला दोनच उद्योग, त्याचं लॉन आणि माझं अंगण. कुंपणावरून म्हणाला, वहिनी कधी आल्या? सकाळी दोनदा हाक मारली, बोलल्या नाहीत. रागावल्यात का?
म्हटलं, तब्येत अजून नरम आहे.

६ मार्च
चौदा दिवस झाले. अजून काही नाही. काळजी नाही. स्टेडियमचं बी आहे, त्याला मोठ्या जागेची सवय. इथे रुळायला वेळ लागणार.
समाधानाची गोष्ट म्हणजे तणाचं एक पातंही उगवलेलं नाही. औषध जबरदस्त. बाटलीच्या तळाशी उरलेलंही फवारलं.

११ मार्च
जावयांचा फोन. म्हणाले, बाबा, एक मिस्त्री ओळखीचा आहे, पायरी बसवून देईल. अर्ध्या दिवसाचं काम. आईंनी त्या पायरीची धास्ती घेतलीय, झोपेत बोलतात.
म्हटलं, आत्ता नको, अंगणात नाजूक काम चालू आहे. मिस्त्री म्हणजे हत्तीचा पाय. जावई म्हणाले, कसलं नाजूक काम? मी फोन ठेवला. उगाच गुपित फुटायचं.

२२ मार्च, रविवार
एकतिसावा दिवस. अंगण माझ्या डोक्यासारखं दिसतं. दुसरं पॅकेट आणून पेरलं. नर्सरीवाल्याने विचारलं, पहिल्याचं काय झालं? म्हटलं, छान आलंय, कडेला थोडं कमी पडलं.
हिचा फोन. लिंबाला फुलं आली असतील नाही? म्हटलं, येऊन गेली. खूश झाली. मग म्हणाली, इथे नातीने मला फोनवर पत्ते खेळायला शिकवलं, दिवस कसा जातो कळत नाही. वरवर बोलते. मनातून घराकडे डोळे लागलेत, आवाजावरून कळतं.

३ एप्रिल
काहीच नाही. नर्सरीवाल्याला घरी बोलावून घेतला. त्याने माती चिमटीत धरली, वास घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीजवळची औषधाची बाटली उचलली. चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. म्हणाला, आजोबा, हे मारल्यावर तीन महिने या मातीत कुठलंच बी उगवत नाही. इथे लिहिलंय. तुम्ही किती वेळा मारलंत?
म्हटलं, तीनदा. स्टेडियमचंही उगवत नाही?
तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.
संध्याकाळी शांतपणे विचार केला. बाटली त्याच्या दुकानातली नाही, म्हणून बोलला. धंद्याचं राजकारण.

१० एप्रिल
बँकवाला फाटकाशी आला. म्हणाला, स्वेटरातलं ते बुजगावणं आहे हे कळलं मला, वहिनी पंधराला येताहेत ना, माझ्या लॉनमधून चार हात गवत मातीसकट कापून देतो, दारापुढे लावून टाका, तेवढंच डोळ्याला बरं. म्हटलं, आम्हाला दुसऱ्याचं गवत लागत नाही. तो म्हणाला, मग ती पायरी तरी नीट करा हो. मीच परवा पडता पडता वाचलो.
त्याला पायरीवर यायला कोणी सांगितलं होतं?
निश्चय: पाच दिवस, दिवसातून चार वेळा पाणी.

१५ एप्रिल, संध्याकाळी
आली. सव्वाअकराला गाडी थांबली. मुलगी पुढे, मागून वॉकर घेऊन ही. बारीक झालीय. फाटकात थांबली. आधी बुजगावण्याकडे बघितलं. बराच वेळ. मुलगी म्हणाली, बाबा, हा आईचा स्वेटर ना? म्हटलं, जुनाच होता.
मग ही म्हणाली, अहो, लिंबू कुठाय?
म्हटलं, तिथे लॉन केलंय. अजून दिसत नाही, पण आत आहे.
हो का, म्हणाली. एवढंच. मी सगळं समजावून सांगितलं, स्टेडियमचं बी, ड्रम, चिमण्या. ऐकत असावी. चिखलातून वॉकर टेकत टेकत पायरीपर्यंत गेली. एक पाय वर ठेवला. दगड हलला. पाय खाली घेतला.
अहो, म्हणाली, दोन वर्षं सांगतेय. एवढं एक झालं नाही तुमच्याने?
आत आलीच नाही. मुलीने खुर्ची बाहेर आणली. चिखलात बसून पाणी प्यायली. मुलीने बुजगावण्याचा स्वेटर काढला, झटकला, घडी करून पिशवीत ठेवला. वीस मिनिटांत निघाल्या. गाडीची काच खाली करून ही म्हणाली, साखर वरच्या फळीवर निळ्या डब्यात आहे. डाळीच्या मागे.
हे फेब्रुवारीतच सांगायला काय झालं होतं?
माझं मत: गवत उगवलेलं असतं तर पायरीकडे लक्षच गेलं नसतं.

२९ एप्रिल
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, नीट ऐका. मी आईची समजूत काढलीय. लिंबाचं ती काही बोलणार नाही म्हणते. पायरी पक्की झाली तर परत येईन म्हणाली. फक्त पायरी. सोमवारी मिस्त्री येतोय, त्याला काम करू द्या. कराल ना?
म्हटलं, मी कधी नाही म्हटलं?
आनंदाने दोन वेळा चहा केला. निळ्या डब्यातली साखर.

४ मे, सोमवार
मिस्त्री नऊला आला. पहार घेऊन पायरीपाशी वाकला आणि मला दिसलं. हलत्या दगडाच्या फटीत गवत. औषध तिथवर पोचलं नसणार. पाती सात. मोजली. पॅकेट आणून फोटोशी ताडून बघितलं. तेच, स्टेडियमचं.
मिस्त्री म्हणाला, काका, बाजूला व्हा, दगड उचलायचाय. म्हटलं, दगड न उचलता बसव. तो म्हणाला, असं कसं होईल? म्हटलं, मग गवत वाढेपर्यंत थांब. किती दिवस, म्हणाला. म्हटलं, लॉन आहे, वेळ लागतो. पहार खांद्यावर टाकून निघून गेला.
लगेच हिला फोन लावला. म्हटलं, गवत आलं.
ही म्हणाली, आणि पायरी?
म्हटलं, पायरीला आता हात लावता येणार नाही. गवत तिथेच आलंय.
हिने फोन मुलीकडे दिला. मुलगी म्हणाली, बाबा, आईचं कपाट रिकामं करायला रविवारी येतो आम्ही.
म्हटलं, या. पण मागच्या दाराने या.