निश्चलच्या आजीकडे, पायी

७ सप्टेंबर, रविवार

ठरलं! जायचं. म्हणजे सलोनीने ठरवलं, मी मान हलवली आणि श्रीकांत "बघू" म्हणाला. आमच्या घरात "बघू"चा अर्थ "नाही" असा असतो. पण पोरीने तिकिटं आधीच काढून ठेवली होती. बापाची भाषा तिला नीट कळते.

तर — नेपाळ. पोखऱ्याच्या पुढे डोंगरात खिलजुंग नावाचं गुरुंग लोकांचं गाव आहे, तिथे निश्चलची आजी राहते. निश्चल गुरुंग म्हणजे सलोनीचा — काय लिहू? इथे हॉलंडमध्ये, लायडनला, दोघं एकाच लॅबमध्ये आहेत आणि दीड वर्ष एकाच घरात. मी अजून "मित्र"च म्हणते. त्याचे आईवडील तो लहान असतानाच गेले, आजीने वाढवलं. लग्नाआधी आजीने सलोनीला बघावं आणि आम्हीही आजीला भेटावं, असं त्याचं म्हणणं. रास्त आहे.

श्रीकांत भांडी पुसता पुसता म्हणाला, "मुलगा चांगला आहे, पण..."

पुढे काही नाही. दीड वर्ष ते वाक्य तिथेच अडकलंय.

१० सप्टेंबर

पावसाळ्यात दरड कोसळून गावाचा जीपचा रस्ता वाहून गेलाय म्हणे. निश्चलने अगदी हळू आवाजात सांगितलं. म्हणजे दीड दिवस चढ. पायी!

श्रीकांत : "नाव निश्चल, आणि चालवतोय आपल्याला!"

त्या मुलावर केलेला हा त्याचा पहिला विनोद. नोंद करून ठेवते.

१४ सप्टेंबर, रविवार

सराव सुरू. झूटरमेरमध्ये चढणार कुठे? आपण राहतो समुद्रसपाटीच्या खाली. गावात एकच टेकडी आहे, जुन्या राडारोड्यावर माती टाकून केलेली. तिथे गेलो. नवे बूट, दोन-दोन काठ्या, श्रीकांतच्या डोक्यावर गुंडाळायचा दिवा — सकाळी अकरा वाजता! शेजारून एक नव्वदीच्या बाई कुत्रा घेऊन शीळ घालत वर गेल्या, खालीही आल्या. आम्ही अजून अर्ध्यावर.

सलोनीने फोटो काढला आणि म्हणाली, "पापा, दू नॉर्माल!" माणसासारखं वाग, असं बापाला सांगायची इथे पद्धत आहे.

१९ सप्टेंबर

श्रीकांतने एक्सेल केलंय. उंची, पायऱ्या, औषधं. मोज्यांचा वेगळा टॅब.

२३ सप्टेंबर

आज त्याची फजिती झाली. स्लोटरडाइकच्या ऑफिसात तो आता लिफ्ट घेत नाही, अकरा मजले जिन्याने चढतो, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये दहा किलो बासमती. आज रिसेप्शनवरच्या बाईने अडवलं. आत काय? तांदूळ. का? हिमालयासाठी. तिने शांतपणे विचारलं, "तिकडे तांदूळ मिळत नाही का?"

मी हसत होते, तोही हसला. मग अचानक म्हणाला, "मालिनी, तुला खरंच काही वाटत नाही का गं? आपल्यात कोणी नव्हतंच का?"

मी विषय बदलला. इथे मात्र खरं लिहायला हवं. मलाही वाटतं. मंडळाच्या गणपतीत आरतीला उभी असते तेव्हा मी मुलं हेरत असते. हा उंच, तो कोथरूडचा. श्रीकांतचा "पण" निदान तोंडावर तरी येतो. माझा मी गिळते आणि वर मोठ्या मनाची म्हणून मिरवते.

९ ऑक्टोबर

उद्या विमान. आजीसाठी काय न्यावं? चीज, असं सलोनी म्हणते. मी बेसनाचे लाडू केलेत. श्रीकांतने गुपचूप पाच पेनकिलर वाढवल्या. एक्सेलमध्ये नोंद नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार. वाटेतलं लॉज

पायऱ्या. दगडी पायऱ्या. वर पायऱ्या, वळलं की पायऱ्या, आणि "आता संपल्या" असं निश्चल म्हणाला की हमखास आणखी पायऱ्या. गुडघे गेले. हे घरापासून लायडनला सायकलने जाणारे गुडघे आहेत, त्यांना चढ म्हणजे पूल एवढंच माहीत.

श्रीकांतच्या काठ्या निश्चलकडे, सॅक निश्चलकडे, दुपारनंतर श्रीकांतही जवळजवळ निश्चलकडेच. मुलगा फक्त पुढच्या पायरीवर थांबून हात द्यायचा. तिसऱ्यांदा हात धरताना श्रीकांत म्हणाला, "थँक यू, बेटा."

बेटा! सलोनीने माझ्याकडे पाहिलं. मी डोंगराकडे पाहिलं.

डोंगर — हो, तोही आहे. संध्याकाळी ढग सरकले आणि एकदम एवढा पांढरा, एवढा जवळ, की श्रीकांत आणि मी दोघंही गप्प. बत्तीस वर्षांत असं क्वचितच झालंय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. खिलजुंग

पोचलो!

गावाच्या वेशीवर महिला मंडळ उभं. झेंडूच्या माळा, कपाळाला टिळे, ढोलकी. दगडी घरं, वर काळ्या दगडाच्या फरश्यांची छपरं, अंगणात मक्याची कणसं टांगलेली. बायकांच्या मागून एक बुटकी म्हातारी पुढे आली. नाकात फुली, कमरेला पटका, पायात निळ्या रबरी चपला. तिने आम्हाला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. मग मला म्हणाली,

"दमली का? बस. पाणी पी."

मराठीत!! मला वाटलं, उंचीमुळे माझ्या डोक्याला काही झालं.

मग उलगडा झाला. आजीचे यजमान आपल्या गोरखा पलटणीत होते. एकाहत्तरच्या लढाईनंतर तीन वर्षं खडकीला क्वार्टर मिळालं, तेव्हा ही चोवीस-पंचवीसची. शेजारी एका हवालदाराची बायको, लीलावती. तिने हिला मराठी शिकवलं. शिकवलं म्हणजे नळावर! आजीचं सगळं मराठी नळावरचं आहे. "पाणी आलं!" "रांगेत ये!" "माझी बादली आधी!" प्रत्येक वाक्य ओरडूनच म्हणते, कारण तिने ते तसंच ऐकलंय.

निश्चलला यातलं काहीही माहीत नव्हतं. "हजुरआमा, तुम्ही कधी सांगितलंच नाही," असं तो नेपाळीत म्हणाला असावा. आजीने मला उत्तर दिलं, "विचारलं कोणी?"

१५ ऑक्टोबर

आम्ही समजत होतो, आपण मुलाचं घर बघायला आलोय. चूक. परीक्षा आमची चालली आहे.

सकाळी आजीने सलोनीचं मनगट धरून मापलं आणि नाक मुरडलं. जेवायला ढिंडो, म्हणजे नाचणीची घट्ट उकड, आणि आंबवून वाळवलेल्या पाल्याचं सार. सलोनीने अर्धं टाकलं. आजीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोरीला पंधरा दिवस उपाशी ठेवलंय. मी दोनदा वाढून घेतलं. मराठी अब्रूचा प्रश्न!

मग आजी म्हणाली, "पोरगी चांगली, पण..."

मी इतकी हसले की ठसका लागला. आजीला कळेना. सांगितलं तिला, आमच्या घरीही असंच एक वाक्य आहे. तिने श्रीकांतकडे बोट केलं : "याचं?" मी मान डोलावली. तीही हसली, दात नसलेलं, पोटातून.

१६ ऑक्टोबर

श्रीकांत नाचला. हे वाक्य मी पुन्हा लिहिते — श्रीकांत नाचला!

दुपारी अंगणात गाणी झाली. आजीने त्याच्या हातात रक्सीची वाटी दिली, नाचणीची दारू. त्याला वाटलं कसलासा काढा. दुसऱ्या वाटीला कळलं, तोवर तिसरी आली होती. मग निश्चलने त्याला उठवलं. दोघं हात वर करून गोल फिरत होते आणि महिला मंडळ टाळ्या वाजवत होतं. गुडघ्यांची तक्रार नाही. बसल्यावर घामाघूम होऊन मला म्हणाला, "मालू, पोरगा सोन्यासारखा आहे गं."

पुढे "पण" नाही. मी वाट पाहिली. नाहीच!

सलोनीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. धुराने, असं मी सांगितलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज हसण्यासारखं काही नाही.

सकाळी बाकीचे धबधबा बघायला गेले. मी आजीबरोबर चुलीशी मक्याचे दाणे सोडवत बसले. ती आज ओरडत नव्हती. मराठी संपलं की हिंदी, हिंदी संपलं की हातवारे. म्हणाली, निम्मी घरं बंद आहेत. पोरं परदेशात. हे घरही ती विकणार होती, पोखऱ्याला एक भाची आहे, तिच्याकडे जाणार होती. पण दसैंच्या, म्हणजे त्यांच्या दसऱ्याच्या, आधी निश्चलचा फोन आला.

"बोलला, विकू नको. दोन वर्षात मी येतो. कायमचा. शाळेत शिकवणार." मग विचारलं, "तुझी पोरगी इथं राहील ना?"

माझ्या हातातलं कणीस तसंच राहिलं. सलोनी मला सगळं सांगते. नको तेही सांगते. हे तिने सांगितलं नव्हतं. म्हणजे तिला माहीत नाही.

मी म्हटलं, "माहीत नाही, आजी."

तिने माझ्या हातातलं कणीस काढून घेतलं. मग म्हणाली, "तिला सांगितलं नाही त्यानं." विचारलं नाही, नुसतं म्हणाली. माझ्या तोंडावर दिसलं असणार.

१८ ऑक्टोबर. उतरताना, त्याच लॉजवर

निघताना आजीने माझा हात सोडला नाही. लाडूंच्या डब्यात वाळवलेला पाला भरून दिला.

वाटेत मी मुद्दाम मागे राहिले. निश्चल काठी धरायला थांबला. मी सरळ विचारलं. तो म्हणाला, "आंटी, मैं खुद बताऊँगा. बस थोड़ा टाइम दीजिए. अभी वो इतनी खुश है."

मी म्हटलं, लवकर सांग. तो म्हणाला, प्रॉमिस. मग त्याने विचारलं, तोवर तुम्ही बोलणार नाही ना?

पुढे वळणावर सलोनी आणि श्रीकांत बसले होते. श्रीकांत तिला नाचाची पावलं दाखवत होता, चुकीची. ती पोट धरून हसत होती.

मी "नाही" म्हटलं.

२ नोव्हेंबर, रविवार

श्रीकांतने एक्सेलमध्ये नवा टॅब काढलाय : "लग्न". हॉल, पाहुणे, आजीचा व्हिसा. आजीला इकडे आणायचंच म्हणतो! गमेंटमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, कोणती कागदपत्रं लागतात ते विचारूनही आला. बाहेर पडताना तिथल्या बाईंना म्हणाला, माझा जावई नेपाळचा आहे. त्यांनी विचारलं नव्हतं.

मी लाटणं फिरवत राहिले.

११ नोव्हेंबर

निश्चलला मेसेज केला. "बताया?" उत्तर : "इस वीकेंड, आंटी."

१७ नोव्हेंबर

वीकेंड झाला. सलोनीचा फोन आला होता, लग्नात आजीसाठी पैठणी घ्यायची का, ते विचारायला. म्हणजे नाही सांगितलं.

जिभेवर आलं होतं. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, शब्द कसला पाळत बसलेय मी? पण तिचा आवाज ऐकला आणि — पैठणीचा रंग कोणता, ते बोलले.

खरं लिहायचं तर शब्दाचं निमित्त आहे. हे घर आता इतकं हसतंय, ते मला थांबवायचं नाही.

२४ नोव्हेंबर

श्रीकांत रोज अर्धा तास नेपाळी शिकतो. आजीला फोन करून तिच्यावर सराव करतो. ती त्याला मराठीत रागावते.

३० नोव्हेंबर, रविवार

सलोनी आली. दोन बॅगा घेऊन, पावसात, स्टेशनपासून चालत. निश्चलने काल सांगितलं. त्याला तिथे राहायचंय, तिला इथे. भांडण नाही, आरडाओरडा नाही. श्रीकांत टॉवेल आणायला धावला.

तिने कोटही काढला नाही. मला म्हणाली, "तो म्हणाला, तुला ऑक्टोबरपासून माहीत आहे. खरं?"

मी हो म्हटलं.

ती वर तिच्या जुन्या खोलीत गेली. श्रीकांत टॉवेल हातात धरून जिन्यात उभा आहे, माझ्याकडे बघत. तिने दार लावलेलं नाही. मी वर जाते.