सतरावी नळी

ऑस्टरवेर्ड,
मंगळवार, १२ मार्च

प्रिय हिल्ये,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून भलतंसलतं मनात आलं असेल, म्हणून आधीच सांगतो. मी बरा आहे, घर जागच्या जागी आहे, कुणी गेलेलं नाही. गुडघा कुरकुरतो, पण चौऱ्याहत्तरीत त्यानं नाही कुरकुरायचं तर कुणी?

इकडे वारा अजून तसाच. समोरच्या शेतात पाणी साचलंय आणि बदकांना आयता तलाव मिळालाय. तुझ्या आईच्या थडग्याशी लावलेली पांढरी फुलं यंदा लवकर आली. कार्यशाळा मी ऑक्टोबरात बंद केली. शेवटचं काम होतं शेजारच्या गावातल्या चर्चच्या ऑर्गनचं, एकवीस नळ्या बदलायच्या होत्या. त्यातली एक घसा बसल्यासारखी वाजते. पण तिथल्या पाद्रीबाईंचा आवाजही तसाच आहे, त्यामुळे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

हे सगळं मी मुद्द्यावर यायचं टाळायला लिहितोय, हे तू ओळखलं असशीलच. तुझी आई म्हणायची, "एल्त्योला स्वतःच्या दारात शिरायचं तरी आधी घराला तीन फेऱ्या लागतात."

तर मुद्दा. गेल्या आठवड्यात मला फेन्नाचं पत्र आलं. खरंखुरं, तिकीट लावलेलं. मी मोबाइलवर उत्तर देत नाही हे पोरीला कळलेलं दिसतं. आईच्या अंत्यविधीला तुम्ही दोघी मागच्या बाकावर बसला होता आणि कॉफी न घेताच निघून गेलात, तेव्हा मी तिला पाहिलं ते शेवटचं. म्हणजे तीन वर्षं झाली. तिनं लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवतो:

"आजोबा, सोबत क्रमिका आणि श्रेढीचा गृहपाठ आहे. मला काही झेपत नाही. तुम्ही जन्मभर नळ्यांची मापं काढलीत, तुम्हाला येत असेल. आईला सांगू नका. ती म्हणते आपल्या घराण्यात गणित नाहीच, ती स्वतः त्यातच नापास झाली, मी उगाच डोकं फोडून घेऊ नये. अवघड गणित ठेवायचं की सोडायचं ते एक एप्रिलच्या आत शाळेला कळवायचंय. सोडलं तर मला जहाजबांधणीला जाता येणार नाही. मला जायचंय."

आईला सांगू नका म्हणाली, आणि मी पहिल्याच पत्रात सगळं ओकलो. तिच्यावर रागावू नकोस. रागवायला मी आहे.

पत्र वाचून आधी मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. नातीनं आठवण काढली. लगेच चष्मा लावून पहिलं गणित घेतलं. पहिलं पद शहाण्णव, प्रत्येक पुढचं पद आधीच्याच्या निम्मं, तर सहावं पद किती? पाच मिनिटांत केलं. शहाण्णवला सहा वेळा निम्मं केलं, उत्तर आलं दीड. पाकीट शोधलं, तिकीटही लावलं. आणि मग ते पेटीत टाकायला माझे पाय उचलेनात.

कारण तुलाही मी असंच शिकवलं होतं. त्याच टेबलावर, पाच-पाच मिनिटांत. "अगं, यात काय अवघड आहे, तुझा बाप रोज हेच करतो," असं म्हणत.

उद्या बुधवार आहे. बुधवारी दुपारी वाचनालयात मुलांना गृहपाठाला फुकट मदत करतात. फेन्नाचा कागद घेऊन मी तिथे जाणार आहे. हसू आलं तर हस. पत्र तोवर उघडंच ठेवतो.


गुरुवार, १४ मार्च

काल जाऊन आलो.

दारातल्या बाईंनी विचारलं, "नातवंडांना न्यायला आलात का?" मी म्हटलं, "नाही, माझा स्वतःचा गृहपाठ आहे." त्यांनी मला एका टेबलाशी नेलं. तीन मुली, कुरकुरीत बटाट्यांचं एक पाकीट, आणि त्यांच्यासमोर पाठमोरे बसलेले एक गृहस्थ. ते वळले आणि मी तिथूनच परत फिरणार होतो. डोर्नबोस सर. तुझे गणिताचे सर. केस सगळे गेलेत, पण भुवया त्याच.

त्यांनीही ओळखलं. "बसा," म्हणाले. "काय अडलंय?"

"नातीचं अडलंय. मी केलंय. बरोबर आहे का तेवढं बघा."

त्यांनी कागद बघितला. माझ्या उत्तराशी बोट ठेवलं. मग म्हणाले, "सहावं पद आहे ना? मग निम्मं किती वेळा करायचं?"

"सहा वेळा."

"तुमच्या धंद्यात कसं मोजता?"

आता धंद्यातलं विचारल्यावर मी कशाला गप्प बसतो! सांगितलं की आम्ही गणितं करत नाही, आजोबांपासून आलेली मापपट्टी आहे, तिच्यावरून बघून नळी कापायची. पण नियम सगळ्यांना पाठ असतो: सतराव्या नळीला रुंदी निम्मी.

"म्हणजे पहिलीपासून सतरावीपर्यंत पायऱ्या किती?"

"सतरा."

त्यांनी सगळ्या मुलींच्या पेन्सिली गोळा केल्या, टेबलावर सतरा ओळीनं मांडल्या आणि म्हणाले, "मधल्या फटी मोजा." मी बोटानं मोजायला लागलो. एक मुलगी माझ्याबरोबर ओठ हलवत होती. सोळा. पुन्हा मोजल्या. सोळाच. ती मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, पहिली आहे तशीच असते ना. तिला कुठे निम्मं करायचं?"

पहिली आहे तशीच असते. हिल्ये, चाळीस वर्षं मी नळ्या कापल्या. नळ्या मोजल्या, पायऱ्या कधीच मोजल्या नाहीत. मोजायचं काम पट्टीच करायची, म्हणून नळ्या बरोबर यायच्या. कागदावर पट्टी नव्हती, नुसता मी होतो. सहाव्या पदाला पाचदाच निम्मं करायचं. फेन्नाच्या गणिताचं खरं उत्तर तीन आहे. माझं दीड.

मी म्हटलं, "सर, तुम्हाला माझ्या मुलीचा पेपर आठवतो का?"

ते म्हणाले, "पाच ठिकाणी. पाचही ठिकाणी तीच चूक, एक पायरी जास्त. बाकी मांडणी इतकी स्वच्छ की मी तो पेपर तीनदा तपासला. निकालानंतर तिला बोलावून विचारलं, असं मोजायला तुला कुणी शिकवलं? ती त्या पानाकडे खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, 'कुणी नाही. माझं डोकंच नाही गणितात.' "

तुला तेव्हा कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. कळलं असेल तर तू मला वाचवलंस, आणि तेही त्या दिवसानंतर. कळलं नसेल तर सव्वीस वर्षं तू माझी चूक स्वतःची म्हणून जपत आलीस आणि आता ती पोरीला देत्येस. यातलं कोणतं बरं, हे मी कालपासून ठरवतोय. एकही बरं नाही.

आता ते दुसरं. जे मी तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही.

निकालाचा दिवस तुला आठवतोच. नापासांना शाळेतून आधी फोन, तीनपर्यंत फोन आला नाही की पास. तुला घरात बसवेना म्हणून तू सायकल घेऊन समुद्राच्या बांधावर गेलीस. आई केक आणायला गेली. मी फोनशी बसलो. आणि अडीचला मीच फोन उचलून बेरेंड काकाला लावला. "पोरगी डेल्फ्टला चालली, पूल बांधणार, गणित मी शिकवलंय," अशी फुशारकी मारत तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत बसलो. ठेवला आणि घड्याळ पाहिलं. फोन आला नाही, म्हणजे पास! माझ्याच बडबडीनं लाइन अडली होती हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बाहेर जाऊन, पोर पास झालं की सगळे लावतात तसा झेंडा चढवला, काठीच्या टोकाला तुझं दप्तर अडकवलं. शेजारी अभिनंदन करायला यायला लागले. मी आत ग्लास आणायला गेलो आणि फोन वाजला. डोर्नबोस सर होते. पाऊण तास प्रयत्न करत होते, म्हणाले.

तुला आजवर वाटत असेल की सर साडेचारला दारात येईपर्यंत मलाही माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मी झेंडा उतरवायला बाहेर आलो. दोरी हातात घेतली. तेवढ्यात तू बांधाच्या उतारावरून येताना दिसलीस, दोन्ही हात सोडून, ओरडत. तू झेंडा पाहिला होतास. माझ्या हातून दोरी सुटली. तू येऊन माझ्या गळ्यात पडलीस आणि म्हणालीस, "बाबा, तुमच्यामुळे." मी तुझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हटलं, "आलोच," आणि कार्यशाळेत जाऊन बसलो. बाहेर तुम्ही केक कापलात. तुमचं हसणं मला ऐकू येत होतं. तासभर मी तुला पास राहू दिलं, कारण मला ते तोंडानं सांगायचं धैर्य नव्हतं.

मग सर आले, फेरपरीक्षेचं बोलायला. झेंडा बघून गोंधळले. "हिल्ये, मी दुपारी फोनवर..." एवढंच म्हणाले, आणि आपलं पितळ उघडं पडणार हे मला दिसलं. म्हणून मी अख्ख्या अंगणासमोर ओरडलो, "कसला फोन! मी सगळं नीट शिकवलं होतं. हिचंच लक्ष नव्हतं. हिला मोजताच येत नाही."

तू तुझ्या हातातली बशी टेबलावर ठेवलीस. इतकी जपून, की आवाज झाला नाही. पुन्हा परीक्षेला बसली नाहीस आणि सप्टेंबरात घरही सोडलंस.

काल सर म्हणाले, "त्या दिवशी मीही गप्प बसलो. बाप आहे, बोलतोय, म्हटलं." आम्ही दोन म्हातारे बसलो मग, पेन्सिली घ्यायला मुलींनी हात पुढे करेपर्यंत.

फेन्नाचा कागद सोबत आहे. मी केलेलं खोडून काढलंय, कोरा करून पाठवतो. सर दर बुधवारी असतात, फोनवरूनही तिला शिकवतील, नंबर मागे लिहिलाय. पण आधी तू तिच्याजवळ बस. तुला येईल. तुझी सगळी रीत बरोबर होती, फक्त एक पायरी तुझ्या बापाची होती. एक एप्रिलच्या आत बस. माफीचं मी या पत्रात काही मागत नाही, पोरीचं गणित तेवढं मागतो.

आणि एक. तेव्हा सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर खोडायचं ठरवलं. त्या दिवशी अंगणात असलेल्यांपैकी आता गावात चारच जण उरलेत. आज सकाळी मीप्येबाईंपासून सुरुवात केली. दारातच उभा राहून म्हटलं, "मीप्ये, हिल्येच्या परीक्षेचं मी खोटं बोललो होतो. चूक माझी होती, तिची नव्हती."

त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं. म्हणाल्या, "कसली परीक्षा, एल्त्यो?"

मी सगळं सांगितलं, झेंडा, केक, सर. त्यांनी खूप आठवून बघितलं, बिचारीनं. नाही आठवलं. दुपारी बाकीच्या तिघांकडे गेलो. कुणालाच आठवत नाही, हिल्ये. एकानं तर मलाच विचारलं, "हिल्ये तेव्हा पास झाली होती ना?"

मी म्हटलं, "हो."

तुझा,
बाबा