कापलेले अकरा सेकंद

५ ऑक्टोबर १९८५, शनिवार
मिल्टन कीन्स

आले एकदाची! हीथ्रोवर ताई दिसली आणि विमानात घोकलेलं सगळं बोलणं विसरून मी नुसतं भोकाड पसरलं. तीही रडली, मग दोघी खो खो हसलो. वीणाताई इथल्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर आहे. आई-बाबा गेल्यावर मला वाढवलं ते तिनंच. आता चार वर्षांनी भेटतोय.

कार पार्कमध्ये रस्ता ओलांडताना तिनं माझी डावी करंगळी धरली. लहानपणापासून ती तिथंच धरते. मी पाच वर्षांची असताना तिच्या हातून कपाटाचं दार त्या बोटावर बसलं आणि ते कायमचं वाकडं झालं. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. तिला मात्र सगळं आठवतं. मी किंचाळत होते आणि ती मला मांडीवर घेऊन तासभर अंगाई म्हणत होती, हे तिनं मला शंभरदा सांगितलंय. मी म्हटलं, अगं, चोवीस वर्षांची घोडी झाले, आता तरी सोड. तिनं काही सोडलं नाही.

गाव मजेशीर आहे. रस्त्यांना नंबर दिलेत आणि चौकांऐवजी जिथं तिथं राउंडअबाउट. गाडी इतक्यांदा गोल फिरली की मी विचारलं, ही प्रदक्षिणा कोणत्या देवाला चाललीय? घर छोटं पण झकास. स्वयंपाकघराला निळ्या टाइल्स, खिडकीबाहेर बाग. मी आज फार खूश आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

नोकरीचा पहिला दिवस. मिस्टर पिकरिंगची कंपनी म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या दोन खोल्या, एक किटली आणि इटालियन सिनेमांच्या डब्यांचा ढीग. नवा कायदा झालाय. दुकानात जाणारा प्रत्येक व्हिडिओ आधी लंडनच्या बोर्डाला दाखवायचा. बोर्ड पत्र पाठवतं, अमक्या रिळातून इतके सेकंद काढा. ते सेकंद कापायचे, फिल्मची दोन टोकं जोडायची, हे माझं काम. कोल्हापूरला स्टुडिओत विष्णूकाकांच्या हाताखाली हेच तर शिकले. फरक एवढाच की तिथं नाच कापायचे, इथं खून कापायचे.

इटलीत अशा रहस्यकथा पिवळ्या कव्हरात निघायच्या, म्हणून या सिनेमांना जाल्लो म्हणतात, म्हणजे पिवळे. घरी येऊन ताईला सांगितलं की मी पिवळ्या सिनेमांचं काम करते, तर तिला चहाचा ठसका लागला. आपल्याकडे पिवळी पुस्तकं म्हणजे काय ते लिहायला नकोच!

फिल्मवर ठसे उमटू नयेत म्हणून पांढरे सुती हातमोजे मिळालेत. संध्याकाळपर्यंत त्यांची बोटं काळीकुट्ट होतात. रोज धुऊन घरातल्या रेडिएटरवर, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या लोखंडी पॅनेलवर, वाळत घालते.

१५ ऑक्टोबर

मला या सिनेमांचं वेड लागलंय, कबूल करून टाकते. ओठ एक बोलतात, आवाज दुसराच येतो, गोष्टीला शेंडा ना बुडखा. पण काय ते रंग! लाल जिना, निळा दिवा, काचेवर पाऊस. खून व्हायच्या आधीही इतकं सुंदर काहीतरी दिसतं की डोळे मिटवत नाहीत.

गंमत अशी की हिरॉइननं खुन्याला पहिल्या दहा मिनिटांतच पाहिलेलं असतं. आपणही पाहिलेलं असतं. पण नेमकं काय पाहिलं ते शेवटपर्यंत लक्षात येत नाही. खुन्याचा चेहरा कुठंच नाही, कारण कॅमेरा त्याच्याच डोळ्यांनी बघतो. आपल्याला दिसतात फक्त काळे हातमोजे, आपलेच हात असल्यासारखे. आणि मागे संगीत कसलं, तर अंगाईचं! शेवटी कळतं की त्याला लहानपणी काहीतरी जबर लागलेलं होतं आणि तो ते विसरून गेला होता.

आजच्या सिनेमात बाई चहा करत असते. मागून हात वर जातो. तिथून मी अकरा सेकंद कापले. आता हात वर जातो आणि पुढच्याच क्षणी नुसता गार झालेला चहा दिसतो. घरी कॅसेट आणून ताईला दाखवली आणि सांगितलं, बघ, बोर्डाच्या कृपेनं खून होतच नाही. ताई म्हणाली, उलट हे जास्त हॉरिबल आहे गं, मधलं सगळं माझ्या डोक्यात होतंय.

२२ ऑक्टोबर, खंडेनवमी

कोल्हापूरला आज स्टुडिओत कात्र्या, कॅमेरे, सगळ्यांची पूजा. मीही कागदाच्या पुडीतून कुंकू नेलं आणि फिल्म कापायच्या स्प्लायसरला वाहिलं. शेजारी तुकड्यांचं रीळ ठेवलं. कापलेलं काही फेकायचं नाही ही विष्णूकाकांची शिस्त, म्हणून आजवरचे सगळे खून मी एकापुढे एक जोडून ठेवलेत. त्यालाही बोट लावलं. पिकरिंगना फार मौज वाटली.

तीन वाजता लंडनहून फोन. एक सिनेमा आजच्या आज हवा. मी सांगितलं की पूजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही, विष्णूकाकांनी माझं डोकं फोडलं असतं. पिकरिंगचा चेहरा इतका पडला की मीच विरघळले. एकच कट होता. पात्यानं डाव्या करंगळीला ओझरतं घेतलं. फिल्मवर थेंब पडला तो पुसला.

मला उगाच चुटपूट लागलीय. ताई म्हणते, सिली, देवाला इंग्लंडचे वर्किंग डेज समजतात.

२९ ऑक्टोबर

आज जेवणाच्या सुट्टीत तुकड्यांचं रीळ एडिटिंगच्या टेबलावर लावून पाहिलं. सात मिनिटं, नुसते हात. नऊ सिनेमे, नऊ दिग्दर्शक. कुणी रोमचा, कुणी मिलानचा, कुणी तर वारलेलाही.

पण सगळ्यांत हात एकच आहे. डावा. हातमोज्यातली करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली.

कापताना हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? पिकरिंगना दाखवलं. ते म्हणाले, मोज्याला चुणी पडलीय. मी पुन्हा पाहिलं. चुणी नाही ती. हा हात मी कुठंतरी पाहिलाय आणि कुठं ते काही केल्या आठवत नाही.

१ नोव्हेंबर

रिळाच्या शेवटी एक तुकडा आहे जो मी कापलेला नाही.

एक दार. कॅमेरा ते हळूच ढकलतो. स्वयंपाकघर. पाठमोरी बाई ओट्याशी उभी, पाठीवर वेणी, अंगात करडा कार्डिगन. ती मागे वळत नाही. मग डावा हात पुढं येतो आणि वर जातो. अकरा सेकंद, मोजले मी.

भिंतीला निळ्या टाइल्स आहेत.

घरी आले तर ताई पोहे करत होती. करड्या कार्डिगनमध्ये. मी दारातच उभी राहिले. तिनं न वळताच विचारलं, आलीस का गं? मला रडू फुटलं. सगळं सांगितलं. ती मला जवळ घेऊन म्हणाली की तू दिवसभर अंधाऱ्या खोलीत खून बघतेस, दुसरं काय होणार. डबे सोडून दे, मी माझ्या डॉक्टर मैत्रिणीला, रेखाला विचारते, तिच्या दवाखान्यात रिसेप्शनला जागा आहे.

ताईला काही झालं तर मला या जगात कुणी नाही. मी हे रीळ ठेवणार नाही.

५ नोव्हेंबर

नोकरी सोडली. पिकरिंग हळहळले.

आज इथं सगळीकडं फटाके असतात, मैदानात मोठी होळी पेटवतात. ताई शेजाऱ्यांशी बोलत असताना मी कोटातून रीळ काढलं आणि आगीत टाकलं. वितळलं, वेडंवाकडं झालं, संपलं. घाण वास आला. विष्णूकाका, माफ करा, तुमची शिस्त मोडली. पण आज मी पोटभर जेवले.

८ नोव्हेंबर

पाणी उकळलं, कपात ओतलं, दूध घालायला हात पुढे केला.

चहा गार. वर साय धरलेली. घड्याळात पन्नास मिनिटं गेलेली.

मी झोपले नव्हते. उभीच होते. मधलं काही नाहीच, कुणीतरी कापून दोन टोकं जोडल्यासारखं. रेडिएटरवर माझे हातमोजे होते, ओले. पण ते तर मी ऑफिसात परत दिले होते ना? की नाही? अगं आई, मला काहीच आठवत नाही.

९ नोव्हेंबर

आज दोनदा. सकाळी जिन्यात. दुपारी बागेत, आणि भानावर आले ती ताईच्या खोलीच्या दाराशी. ती नाइट ड्यूटी करून झोपलेली. दार थोडं ढकललेलं होतं.

डाव्या हातानं.

१० नोव्हेंबर

ही वही पहिल्यापासून वाचायला घेतली, कधीपासून असं व्हायला लागलं ते बघायला. दुसऱ्या परिच्छेदाशीच थांबले.

डावी करंगळी. कपाटाचं दार. अंगाई.

मी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय, पहिल्याच दिवशी, हसत हसत. मला आठवत नाही असंही लिहिलंय. रिळातला हात कुणाचा हे मी बारा दिवस शोधत होते. सगळ्या सिनेमांत तो कॅमेऱ्याच्या या बाजूनं येतो. माझ्या बाजूनं.

पण माझा ताईवर राग नाही. देवाशपथ नाही! मी तिच्यावर जिवापाड प्रेम करते. हे मला कुणाला पटवून द्यायचंय?

११ नोव्हेंबर

पळून जायचं ठरवलं. ताईला चिठ्ठी ठेवली, कोच स्टेशनवर गेले, ग्लासगोचं तिकीट काढलं. तिथं कॉलेजातली सुप्रभा आहे, ती ठेवून घेईल. कोचमध्ये खिडकीशी बसले. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. सुटले म्हणून मी डोळे पुसले—

स्वयंपाकघर. निळ्या टाइल्स. अंगात कोट तसाच, खिशात तिकीट. चिठ्ठी बारीक फाडून सिंकमध्ये.

ताई आली तेव्हा तिच्या पायावर लोळण घेतली. म्हटलं, मला कुठंतरी कोंडून ठेव. उद्या सायकायट्रिस्टशी बोलते म्हणाली. तिनं माझी करंगळी हातात घेतली आणि हळू आवाजात अंगाई म्हणायला लागली. मी ओरडले, थांब, थांब— ती घाबरली. मी तिला घाबरवलं.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

ताई चारला येणार. दिवाळी म्हणून हाफ डे घेतलाय. येऊ नकोस म्हणून सकाळी सांगितलं तर म्हणाली, तुला आज एकटी ठेवू? वेडी आहेस का? तीन वाजता हॉस्पिटलला फोन केला. डॉक्टर निघाल्या म्हणे, लवकरच निघाल्या.

डावा हात खुर्चीला बांधलाय. ताईच्या ड्रेसिंग गाऊनच्या पट्ट्यानं. तीन गाठी, दातांनी आवळल्यात. उजव्या हातानं लिहितेय. लिहीत राहीन तोवर मी इथं आहे. मधे जागा सोडायची नाही. कटाला जागाच द्यायची नाही. चहा केलाय, समोर आहे, वाफ येतेय. वाफ आहे तोवर सगळं ठीक.

मी उल्का. मी कोल्हापूरची. माझं कुणाशी वैर नाही. वाफ येतेय. बाहेर गाडी थांबली. ताईची गाडी. दार लावल्याचा आवाज. ताई, आत येऊ नकोस. ओरडते आहे मी, ऐकू जात नाही का तिला? किल्ली फिरली. आलीस का गं असं मीच विचारायला हवं ना, ती म्हणतेय, उल्का, मी मिठाई आणलीय गं. ताई मागं फिर. ताई, मी बांधून घेतलंय, पण तू जवळ येऊ न—

चहा गार झालाय.

पट्टा खाली पडलाय, गाठी न सोडता. ओट्यावर मिठाईचा बॉक्स आहे, दोरा तसाच. घरात कसलाही आवाज नाही. मी दोनदा हाक मारली. ताई न वळताच बोलते नेहमी, म्हणून मी वाट बघतेय.

रेडिएटरवर हातमोजे वाळत घातलेत. कुणीतरी घासून घासून धुतलेत. डाव्याची करंगळी अजून—