एकजीव झालेल्या दोन नमुन्यांच्या अटीतून सुटका मिळणेबाबत

प्रति,
मा. प्राचार्य व साठा पडताळणी प्रमुख,
जनविद्या विज्ञान महाविद्यालय,
वाशीम, जि. अकोला.

विषय : कुपी क्र. १ व २ मधील माल जसाच्या तसा परत करण्याची अट शिथिल होऊन कार्यमुक्ती मिळणेबाबत.
संदर्भ : आपले चौथे स्मरणपत्र, दि. ३ ऑगस्ट १९७९.

महोदय,

१. अर्जदार देवमन ग्यानबा मनवर हा आपल्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत प्रयोगनिर्देशक आहे. नागपूरला संशोधक म्हणून त्याची निवड झाली असून १६ ऑगस्टला रुजू न झाल्यास ती रद्द होते. आज १४ तारीख आहे.

२. महाविद्यालयाच्या नावे आलेल्या दोन बहुवारिकांच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थांच्या, कुप्या अर्जदाराने सही करून घेतल्या. या दोघांचे मुळात विळ्या-भोपळ्याचे सख्य. नुसते एकत्र करून साच्यात दाबले तर चकती दुधासारखी गढूळ येते आणि हाताने मोडते. अर्जदाराने एकाच्या साखळीवर शंभर दुव्यांमागे पाच आम्लगट बसवले, दुसऱ्याच्या साखळीवर तितकेच अल्कधर्मी. एकावर ऋणभार आला, दुसऱ्यावर धन, आणि जन्माचे वैरी एकमेकांना बिलगले. चकती काचेसारखी स्वच्छ निघाली. त्या दिवशी अर्जदाराला आनंदाने जेवण गेले नाही. निवड झाली ती याच कामावर.

३. परंतु नोंदवहीत वस्तू दोन आणि हातात चकती एक. दोन्ही वेगवेगळ्या जमा झाल्याशिवाय कार्यमुक्ती नाही, असा आपला आदेश आहे. पिठल्यातून बेसन आणि पाणी परत मागावे, तसे हे झाले. प्रयोगात वापरलेली आम्ले खर्ची पडतात; या कुप्या मात्र बाके-कपाटांच्या जडसंग्रह नोंदवहीत चढल्या. घाईघाईत त्या तिथे अर्जदारानेच चढवल्या, ही चूक तो कबूल करतो.

४. हेडक्लार्क बबनराव भला माणूस. ते म्हणाले, "काहून डोकं पिकवून राह्यले सर? मिसयलं नाही म्हून लिहून द्या, दोन तुकडे करा, दोन कुप्यांत टाका अन् जा नागपूरले." तसे लिहून दिले तर निवडच खोटी ठरते, न द्यावे तर इथून पाय निघत नाही. धरले तर चावते, सोडले तर पळते. अर्जदाराची आई दुर्गाबाई हिने सारे ऐकून एवढेच विचारले, "मंग मिसयवलं कायले, बापा?" अर्जदाराला रडू आले.

५. अर्जदार खोटे लिहून देणार नाही. तरी उद्या १५ ऑगस्टची सुट्टी असल्याने सदर कुप्या आजच कार्यालय बंद होण्यापूर्वी निर्लेखित कराव्यात, म्हणजे नोंदवहीतून कायमच्या कमी कराव्यात. ते नियमात बसत नसल्यास त्याच नोंदवहीत, कपाटांच्या खालच्या ओळीत, अर्जदाराचे नाव चढवावे. म्हणजे तो जागचा हलत नाही, याची तरी रीतसर नोंद राहील.

आपला, अद्याप इथलाच,
(दे. ग्या. मनवर)
वाशीम, दि. १४ ऑगस्ट १९७९

सहपत्रे : १) नागपूरचे निवडपत्र. २) सदर चकती, नग एक. पोच मिळावी.