पत्रिकेवरचं नाव

प्रिय संध्या,

तू उस्मानपुऱ्यात, मी गारखेड्यात, रिक्षानं दहा मिनिटांचं अंतर, आणि वहिनी टपालानं पत्र पाठवतेय म्हणून हसशील. खुशाल हस. फोनवर तू स्पीकर लावतेस, मागून पुंडलिकराव सल्ले देतात, आणि इकडे तुझे दादा माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसलेले असतात. जे लिहायचंय ते त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

तुझ्या सम्यकच्या लग्नाची पत्रिका मिळाली. छान छापली आहे. लग्न लावणार म्हणून बौद्धाचार्य संघपाल, असं तुझ्या दादांचं नाव ठळक अक्षरात आहे. मला विचारलं नाहीस. मागे एका रविवारी मी आत चहा टाकत होते तेवढ्यात तू थेट त्यांनाच विचारलंस, गुलमंडीवरून कुडत्यासाठी आणलेलं पांढरं कापड त्यांच्या मांडीवर ठेवलंस, आणि ते हो म्हणाले. का नाही म्हणतील? गेल्या वर्षी जालना रोडवर स्कूटरवरून पडून डोकं फुटल्यापासून त्यांना कुणी काही करायला सांगितलंच नव्हतं. (हेल्मेट डिकीत होतं. त्याला ओरखडासुद्धा आला नाही.) तेव्हापासून सगळे त्यांना सांगतात ते काय करू नका एवढंच. सगळे म्हणजे कोण, मीच.

तुम्ही रविवारी येऊन जे बघता, त्यासाठी मी सकाळपासून राबलेली असते. अंघोळ, दाढी, मग अंधार करून थोडी झोप, तेव्हा कुठे ते तुमच्यासमोर तासभर ताठ बसतात. पुंडलिकराव म्हणतात, "दादा, वंदना होऊन जाऊ द्या," आणि ते डोळे मिटून त्रिशरणापासून शेवटच्या गाथेपर्यंत एक अक्षर न चुकता म्हणतात. तुझे डोळे भरून येतात. "वहिनी, दादा तर एकदम ठणठणीत हायेत की! तुम्ही उगं घाबरता." अगं, डॉक्टरांनी मला सुरुवातीलाच समजावलं होतं. जन्मभर जे पाठ म्हटलं ते अशा दुखण्यातूनही पुष्कळदा वाचतं. गाथा वाचल्या. चमचा वाचला नाही. चमचा हवा असला की ते "ती खायची, ती" म्हणतात, आणि मला पटकन ओळखता आलं नाही की ताट भिंतीवर जातं. त्यानंतर स्वतःच घाबरून माझ्याकडे बघतात. तुम्ही यायच्या आत मी भिंत पुसते, म्हणून तुम्हाला आमचं घर स्वच्छ दिसतं.

तुम्ही जिना उतरलात की ते पलंगाच्या काठावर एका पायात चप्पल घालून बसतात. दुसरी घाला म्हटल्याशिवाय घालत नाहीत. कोण आलं होतं, विचारतात. मी मिक्सर लावू शकत नाही, चटणी खलबत्त्यात कुटते, कारण त्या आवाजानं त्यांचं डोकं फुटायला येतं. आणि तू त्यांना मंडपात, माईकपुढे, हजारभर माणसांत उभं करणार आहेस.

तू तुमच्या मंडळींत काय म्हणालीस तेही माझ्या कानावर आलं. "कॉन्व्हेंटात शिकलेल्या वहिनीला दादांचं लोकांची लग्नं लावत फिरणं आधीपासूनच खुपत होतं." खुपत होतंच. उन्हाळ्यातला एकही रविवार हा माणूस घरात नसायचा. पण त्यांचा प्रत्येक पांढरा कुडता मी कडक इस्त्री केलेला आहे, आणि मंडपात मागच्या रांगेत बसून त्यांना ऐकलेलं आहे. कागद न बघता दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं घ्यायचे. गलका झाला की थांबून म्हणायचे, "आधी मोबाइल खाली, मग फुलं वर." सगळा मंडप हसायचा आणि गप्प व्हायचा. तुम्हाला तो माणूस परत हवा आहे. मला नको असेल का? पण तुम्हाला तो तासाभरासाठी, फोटोत हवा आहे.

एक मात्र खरं. दुपारी काय जेवले ते त्यांना संध्याकाळी आठवत नाही, पण तू दिलेलं काम आठवतं. जे विसरले असते तर बरं झालं असतं, नेमकं तेच राहिलं. रोज ते कापड मांडीवर घेऊन बसतात. शिंप्याकडेही देऊ देत नाहीत.

म्हणून परवा मी ठरवलं, करून तर बघू. कदाचित तुझंच बरोबर असेल. टेबलावर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवली, मेणबत्ती लावली, दोन खुर्च्या वधूवरांसाठी मांडल्या आणि सम्यकच्या शेजारच्या खुर्चीत मीच बसले. सम्यक म्हणजे उशी. ते उभे राहिले. संध्या, आवाज अगदी पूर्वीचा. मला वाटलं, जिंकली ही बाई, मी हरले, आणि हरायला मला इतकं बरं वाटत होतं. मग प्रतिज्ञेची वेळ आली. नाव घ्यायचं होतं. ते थांबले. शब्द पुरवायचा नाही, वाट बघायची, असं मला दवाखान्यात शिकवलंय, म्हणून मी वाट बघितली. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, किंचित वाकले, आणि फार अदबीनं विचारलं, "ताई, आपण मुलीकडच्या का?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथंच अडले. मग पुन्हा. शेवटी काहीतरी निसटतंय हे त्यांना कळलं, आणि ते मुठीनं स्वतःच्या डोक्यावर मारायला लागले, शस्त्रक्रिया झालेल्या बाजूला. त्यांचे हात धरून मी जमिनीवर बसले. शांत झाल्यावर मला ओळखलं आणि विचारलं, "सुकेशनी, लग्न नीट लागलं ना?"

तेव्हा पत्रिकेवरचं नाव काही का असेना, ते लग्न लावणार नाहीत. दुसरे बौद्धाचार्य बघ, गावात पुष्कळ आहेत. पण हे कळवायला मला चार ओळींची चिठ्ठी पुरली असती. पत्र लिहिलं ते वेगळ्या कारणासाठी. स्कूटरची किल्ली मी काढून घेतली, गॅसचं बटण मी बंद केलं, एकट्यानं फिरायला जायचं नाही हे मी सांगितलं. या घरातलं प्रत्येक 'नाही' वर्षभर माझ्या तोंडून निघालंय, आणि त्यांच्या लेखी मी त्यांचं सगळं हिसकावणारी बाई झालेय. 'हो' म्हणायला लावलंस तू, लाडकी बहीण. आता हे 'नाही' मी म्हणणार नाही. या आठवड्यात ये, रविवार सोडून, एकटी. त्यांच्यासमोर बस, ते कापड त्यांच्या मांडीवरून उचल आणि तुझ्या तोंडानं सांग. ते चिडतील, म्हणतील हे सुकेशनीचंच काम. तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. म्हण, नाही दादा, हे मी ठरवलंय. मी आत चहा टाकत असेन.

तुझीच वहिनी,
सुकेशनी