होड्या फिरेपर्यंत

बाबा, आज रविवार. सकाळचे दहा वाजलेत आणि मी बोईसरच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून आपल्या खाडीकडे बघते आहे. आपली म्हणजे मी केलेली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर वीस होड्या नांगरून ठेवल्यात. भरती नुकतीच लागली आहे, म्हणून सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. ओहोटी लागली की त्या आपल्याआपण वळायला हव्यात आणि तोंडं गावाकडे व्हायला हवीत. मी हात लावणार नाही, पाण्यानंच त्यांना वळवायचं आहे. घड्याळ पळवून मी हे दहादा तपासलंय, पण खऱ्या घड्याळाचे पुरे सहा तास बसून एकदाही बघितलेलं नाही. आज बसणार आहे, आणि बसल्या बसल्या तुला लिहिणार आहे. गावचं घर बंद केल्यापासून आई माझ्याकडेच असते. ती कोळंबी सोलता सोलता दोनदा येऊन बघून गेली. "मगाधरनं काय बगतेस? तेच तर हाय." मी म्हटलं, बदलेल. "कवा?" चार वाजता. जाताना "बापाचीच पोर" एवढं मला ऐकू जाईल असं म्हणाली.

तुझी मुलगी काय काम करते हे तुला कधी सांगताच आलं नाही, कारण तू होतास तेव्हा ते मलाच माहीत नव्हतं. मी व्हिडिओ गेममधलं पाणी करते. चौदा वर्षं झाली. गेम लढाईचा असो, गाड्यांचा असो की चाच्यांचा, त्यात नदी, तळं, समुद्र आला की तो माझ्या वाट्याला येतो. गेल्या महिन्यात पालघरच्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. मी मोठ्या ऐटीत दोन चित्रं लावली. एक मी शिकत होते तेव्हाच्या गेममधल्या पाण्याचं, निळ्या प्लास्टिकच्या कागदासारखं, आणि शेजारी आमचं आत्ताचं, ज्यात ऊन आत उतरतं, फेस फुटतो, तळाची वाळू दिसते. टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरून केळव्याची एक मुलगी उठली. "मॅडम, पानी भारी झालं, ते दिसतं हाय. पन त्यात करायचं काय, तर माझा काका ल्हानपनी करायचा तेच ना? उडी मारायची, गोळी घालायची, पेटी उगडायची. मंग गेम सुदारला कुठं? थांबलाच ना तो?" वर्ग हसला. मीही हसले, आणि यंत्रं किती वेगवान झालीत, एकेका गेमवर किती माणसं राबतात, असं ठरलेलं उत्तर ठोकून दिलं. ती "बरं" म्हणून खाली बसली. ते "बरं" घरी येईपर्यंत मला टोचत राहिलं, कारण तसलंच एक "बरं" मी तुझ्याकडून ऐकलं होतं.

तू कॉम्प्युटर आणलास तो दिवस मला लख्ख आठवतो. बोईसरच्या कुठल्याशा कारखान्याच्या ऑफिसातून जुनी यंत्रं काढून टाकत होते, आणि त्या बाजूला मासळी विकायला जाणाऱ्या मावशीनं ते तुझ्या कानावर घातलं. टेम्पोतून आणलास. पडदा ताडपत्रीत, बाकीचं जुन्या जाळ्यात, आणि वर गाठी अशा मारलेल्या की त्या सोडवता सोडवता आईनं तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून येते तर तू होडीच्या इंजिनाचं ग्रीस घेऊन त्या डब्याचा एकेक स्क्रू चोपडत बसला आहेस. मी किंचाळले. तू मान वर न करता म्हणालास, "खारी हवा हाय. गंज चडला तर रडशील कोनाकडं?" तो डबा अजून माझ्याकडे आहे. चालू होत नाही, पण त्याच्या एकाही स्क्रूला गंज नाही.

त्याच कॉम्प्युटरवर मी माझा पहिला गेम केला, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी. खाडीतून होडी बाहेर काढायची, खडक चुकवायचे, जाळं टाकायचं. सुरुवातीला बंदराचं दृश्य, त्यात रंगीत होड्या, माझ्या मते फारच सुंदर. मी तुला मोठ्या कौतुकानं हाक मारली. तू हात पुसत आलास, वाकून बघितलंस आणि विचारलंस, "ह्या होड्या कोनी नांगरल्या?" मी म्हटलं, मी. "एकीचं तोंड हिकडं, एकीचं तिकडं. पानी येतं हाय कुठनं?" मी म्हटलं, बाबा, ते नुसतं दिसायला आहे. तेव्हा तुझा आवाज चढला. "दिसायला? खाडीवर जल्मलीस, आनि पानी कुठनं येतं ते तुला ठाव नाय?" सगळ्या आळीनं ऐकलं. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. राग आला तो तू ओरडलास म्हणून कमी आणि तुझं बरोबर होतं म्हणून जास्त. नांगरलेली होडी ज्या अंगानं पाणी येतं तिकडे तोंड करून उभी राहते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दारातून होड्या बघून आई सांगायची भरती की ओहोटी, आणि त्यावर चुलीवर भात कधी चढवायचा ते ठरायचं. आपला सगळा धंदाच त्या ओढीवर. समुद्रात रोवलेल्या खुंटांना डोल बांधायची, ते लांब पिशवीसारखं जाळं, पाण्याच्या ओढीनं मासळी तिच्या पोटात शिरते, आणि पाणी उलटायच्या आत ती ओढून घ्यायची. माझ्या गेममध्ये सगळं होतं, फक्त पाण्याला ओढ नव्हती.

आठ दिवसांनी मी तुला पुन्हा बोलावलं. भांगाचे दिवस होते, पाण्याला जोर नाही म्हणून तू घरी. या वेळी सगळ्या होड्यांची तोंडं समुद्राकडे. तू बराच वेळ बघत राहिलास. "आता बराबर. भरतीच्या हायत." मग विचारलंस, "ओहोटी लागल्यावर फिरतात?" मी म्हटलं, फिरतात. तू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंस. दहा वाजले होते. "बरं. मंग सा तासांनी येतो," म्हणालास आणि निघून गेलास. मला वाटलं, थट्टा करतोस. कुठला गेम सहा तास घेतो? चार वाजता तू खरोखर आलास, धुतलेला सदरा घालून, आणि एकटा नव्हे, तुझ्या होडीवरच्या दोघा खलाशांना घेऊन. पोरीनं केलेली ओहोटी त्यांना दाखवायची होती. पण मशीन तापलं म्हणून बंद करावं लागलं होतं, आणि आता चालू केलं तर पुन्हा पहिल्यापासून सहा तास. ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले तेव्हा तूच माझी बाजू घेतलीस. "आपलं इंजिन नाय तापत? तसंच ते." तुम्ही तिघांनी चहा घेतला, आईनं केलेली भजी खाल्ली आणि गेलात. तू पुन्हा कधी त्याबद्दल विचारलं नाहीस. मग मला पुण्यात एका ऑफिसात साधी नोकरी लागली, आणि दोन पावसाळ्यांनी तू गेलास.

त्या मुलीच्या प्रश्नावर मी महिनाभर डोकं खाजवते आहे. "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांचा तुला तिटकारा होता, तसा मलाही आहे, आणि चाळिशी आली म्हणून मी त्यांच्यात जाऊन बसणार नाही. तू कुठे जुन्याला कवटाळून बसला होतास? मासळी दाखवणारं यंत्र आपल्या आळीत पहिलं तुझ्याच होडीवर आलं. फक्त ते घेतल्यावरही चार दिवस तू दोरीला वजन बांधून खोली मोजत राहिलास, यंत्र सांगतं ते आणि दोरी सांगते ते जुळतं का बघायला. जुळलं, तेव्हा दोरी गुंडाळून ठेवलीस. तशी दोरी मी माझ्या धंद्याला लावून बघितली. तेव्हाच्या यंत्रांना खाडीभर पाणी खरोखर वाहतं करणं झेपत नसे. आज साध्या मोबाइललाही ते झेपेल. म्हणजे यंत्र थांबलेलं नाही, थांबलोय आम्ही. हातात एवढी ताकद आली आणि ती बहुतेक सगळी आम्ही वरच्या फेसावर घालवली, कारण जाहिरातीत फेस दिसतो. दर दोन वर्षांनी तोच गेम, नाव तेच, पुढचा आकडा नवा, आणि पाणी आणखी चकचकीत. दुसऱ्या कुणाला काय बोल लावू, ते पाणी मीच केलंय. कुठे कुठे दोघं-तिघं मिळून काही निराळं करणारेही आहेत. त्यांचे गेम बघितले की मला आधी हेवा वाटतो आणि मग लाज वाटते. त्या मुलीला हे सांगायला हवं होतं.

हा गेम माझ्या एकटीच्या हट्टानं सुरू झाला. खेळणाऱ्यानं एका किनाऱ्यावर राहायचं, डोल बांधायची, आणि खऱ्या घड्याळानं पाणी उलटायच्या आत ती ओढायला यायचं. दहा मिनिटांचं काम. मधल्या वेळात त्यानं आपलं जेवण करावं, नोकरी करावी, झोपावं, आमचा समुद्र त्याच्याशिवाय चालू राहील. दोन वर्षं लागली. आणि आता सगळं जमून आलं तर गेल्या आठवड्यात आमच्या साहेबांचा पुण्याहून फोन. साहेब म्हणजे माझ्याहून दहा वर्षांनी लहान, गोड बोलणारा मुलगा. "ताई, ओहोटी एक नंबर झालीय. फक्त एक बटण टाकूया. ज्याला थांबायचं नाही त्यानं पैसे भरायचे, की लगेच पाणी उलटलं." मी विचारलं, पैसे भरून पाणी उलटणार असेल तर बाकीच्यांनी थांबायचं कशाला? "अहो ताई, थांबायला लागलं की लोक कंटाळतात, आणि कंटाळले की बटण दाबतात. सगळीकडे तसंच चालतं." सगळीकडे तसंच चालतं हे खरं आहे. आमच्यातल्या हुशार हुशार माणसांची बुद्धी आता असल्या बटणांवर खर्च होते. बाबा, कुणी तुला येऊन म्हटलं असतं की एवढे घे आणि ओहोटी आत्ता लाव, तर तू त्याला होडीवरून पाण्यात ढकललं असतंस. हा साहेब... मुलगाच म्हणते त्याला, तसा तो वाईट नाही, पण त्यानं आयुष्यात कधी पाण्याची वाट बघितलेली नाही.

उद्या अकराला मीटिंग आहे. मी मेल लिहून ठेवली आहे, चारच ओळी. या समुद्राला बटण लागणार नाही. लागणार असेल तर माझं नाव काढा, मी नोकरी सोडते. नवरा कारखान्यात पहिल्या शिफ्टला गेलाय, त्याला सकाळीच वाचून दाखवली. "मग काय, आईबरोबर बाजारात मासळी घेऊन बसशील?" म्हणाला. मी म्हटलं, बसेन. तो हसला नाही, डबा उचलून म्हणाला, "पाठव मग." मी गेले तरी ते बटण लावू शकतात, हे मला कळतं. गेम कंपनीचा आहे. पण मग मी हाच समुद्र पहिल्यापासून पुन्हा करीन, इथेच, याच टेबलावर, आणखी दोन वर्षं लागली तरी. तो कसा करायचा ते माझ्या हातात आहे, आणि पाणी कुठून येतं ते आता मला ठाऊक आहे. तुझी खात्री पटेल असं बोलते आहे का मी? पटायला हवी. तुझ्याकडूनच घेतलाय हा हेका.

चार वाजत आलेत. जेवण इथेच झालं, मांडीवर ताट घेऊन. आई चहाचे दोन कप घेऊन आली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली आहे, काय बदलणार ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. पाणी थांबलंय. खऱ्या खाडीत थांबतं तसंच, आत येईना की बाहेर जाईना, आणि होड्यांचे दोर सैल पडलेत. चार वाजले. चार वाजून पाच. मग कडेची एक लहानशी होडी जरा कलली, तोंड बाजूला गेलं, अजून थोडं गेलं. मग तिच्या मागची. मोठ्या होड्या सगळ्यात शेवटी, सावकाश, आपल्या बंदरात वळायच्या तशा. आईनं कप खाली ठेवला. "लागली गं ओहोटी," म्हणाली, आणि सवयीनं स्वयंपाकघराकडे बघितलं.

वीसच्या वीस तोंडं आता गावाकडे आहेत. मी मेल पाठवून दिली. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते तू ग्रीस लावलेल्या डब्यात ठेवून देणार आहे. एक मात्र राहिलं, तेवढं लिहिते. त्या दिवशी मशीन तापलं नव्हतं, बाबा. होड्या मी हातानं एकेक करून वळवल्या होत्या, नुसतं चित्र होतं ते, त्यात ओहोटी कुठेच नव्हती. धुतलेला सदरा घालून तू त्या दोघांना घेऊन येताना मला खिडकीतून दिसलास, आणि मी घाईघाईनं मशीन बंद करायचं बटण दाबलं.